सहनशिळी

आत्याबाई, परवा तुम्हाला माती दिली तेव्हा मी हसले.

हे मीच आधी सांगून टाकते. मिशनच्या कंपाउंडातल्या बायकांना तुमच्यापर्यंत येता आलं असतं, तर त्यांनी चहासुद्धा न घेता पहिल्यांदा हेच सांगितलं असतं. पेटी खाली उतरली होती, दोर वर ओढून घेतले होते. पाळकसाहेब बायबलातला प्रीतीचा अध्याय वाचत होते. त्यात प्रीतीला सहनशील म्हटलं आहे ती ओळ आली, आणि माझ्या कानात तो शब्द त्यांच्या तोंडून आलाच नाही, तुमच्या तोंडून आला. सहनशिळी. मग काय! पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज निघालाच. मूठभर माती हातातच राहिली. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले. मागून कुणीतरी हळूच बोललं, "सुटली नं बिचारी एकदाची. आनंद झाला असंन."

आनंद. ऐकलंत ना?

नऊ वर्षं तुम्ही बाजेवर होता आणि मी बाजेभोवती. तुम्ही निदान आंधळ्या होता, तुम्हाला त्या खोलीच्या चार भिंती दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या. कुठल्या भिंतीचा पोपडा कधी पडला हे मी सांगू शकते. सुटले म्हणतात तर सुटलेही असेन. पण काल विहिरीवर घागर भरत होते आणि कान घराकडेच लागलेले. अर्धी घागर तशीच उचलून पळत आले. दारात आल्यावर आठवलं की हाक मारायला कुणी नाही. तरी आत जाऊन बाजेवर हात फिरवला, अंथरूण ओलं झालंय का ते पाहायला.

तुमच्या हाकांचा मला किती राग यायचा! "शांते, ए शांते!" मी पिठाचे हात तसेच घेऊन यायचे. "काय पायजे?" म्हटलं की तुम्ही म्हणायच्या, "काई नाई वं. तू हायेस का पाहाले." असं दिवसातून कितीदा! मी कुठं जाणार होते, आत्याबाई? कंपाउंडाची भिंत माझ्या कमरेइतकी. ती ओलांडायला मला कुणी अडवलं नव्हतं. तरी नऊ वर्षांत वाशीमच्या बाजारापलीकडे माझं पाऊल गेलं नाही.

आता त्या शब्दाचं सांगते, म्हणजे मी का हसले ते तुम्हाला कळेल. तुम्हाला तो प्रसंग आठवत असेलच. मलाच आठवला नाही इतकी वर्षं.

मी तुमच्या घरात नवी होते. मिशनच्या अनाथालयातली पोर, मोठ्या दुष्काळात कुणीतरी फाटकापाशी ठेवून गेलेली. नाव ठेवलं शांता, आणि तोंड निघालं हे असं. तुमच्या लेकाशी माझं लग्न तिथल्या गोऱ्या मिसबाईंनी जुळवलं. तुम्ही आसेगावची शेतीवाडी आणि भाऊबंद सोडून लेकामागे कंपाउंडात राहायला आल्या होत्या. लेक ख्रिस्ती झाला म्हणून गावाने तुमचं विहिरीवरचं पाणी बंद केलं होतं, पण तुम्ही स्वतः अजून बाप्तिस्मा घेतला नव्हता. एक दिवस भाकर थापता थापता म्हणालात, "मलेबी घ्या म्हना बाप्पा तुमच्यात. मी एकलीच कायले बाहेर राहू?" झालं. वचनं पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेली सून.

तुम्ही तव्यापाशी, मी परातीपाशी. मी ओळ सांगायची, तुम्ही मागून म्हणायची. मला धीर कसला तो नव्हताच. तुम्ही एक शब्द चुकलात की मी उलथन्याने चुलीवर ठोकायचे. तुम्ही हसायच्या, "मारतं का काय वं मास्तरीनबाई?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

परीक्षा लिंबाखाली झाली. मिसबाई खुर्चीत, तुम्ही पाच-सहा जणी सतरंजीवर, आणि मी तुमच्या मागे उभी, ताठ. तुमची पाळी आली. तुम्ही हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात प्रीतीला सहनशिळी करून टाकलीत! सहन आणि शिळी. शिळ्या भाकरीतली शिळी. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. शेजारी बसलेल्या सोनाबाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मिसबाईंचं मराठी पुस्तकी, त्यांना काही कळेना. "काय झालं? त्या काय म्हणाल्या?" असं त्यांनी मला विचारलं. तुम्ही तेव्हा काहीतरी समजावून सांगत होता, हात हलवून, अगदी मनापासून. माझे कान लाजेने तापले होते. मी ऐकलंच नाही. मी मिसबाईंना शुद्ध भाषेत सांगितलं, "त्यांना अर्थ समजलेला नाही. आणखी शिकवावं लागेल."

मिसबाईंनी तुमचा बाप्तिस्मा नाताळापर्यंत पुढे ढकलला. बाकीच्या सगळ्या जणी त्या रविवारी पाण्यात उतरल्या, आणि तुम्ही काठावर त्यांची कोरडी लुगडी सांभाळत बसल्या होता. मला एका शब्दाने बोलला नाहीत. घरी आल्यावर म्हणालात, "दम धर, पोरी. जमंन मले." आणि नाताळाला तुम्ही तो शब्द असा चोख म्हणालात की मिसबाईंनी टाळ्या वाजवल्या. सहन-शील. घरात मात्र तुमची ती सहनशिळीच राहिली. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

पुढे हे तापाने गेले. तुमचा एकुलता लेक, माझं एकच माणूस. आपण दोघी राहिलो, एकमेकींच्या कोणीच नसल्यासारख्या. तुमची नजर त्याच वर्षापासून जायला लागली. मी मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुवायला, उकळायला जाऊ लागले आणि तिथे मला पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं. जखम पाहून माझा हात थरथरत नसे. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली, आणि दूरच्या शहरातल्या एका इस्पितळातून उत्तर आलं की नर्सच्या शिक्षणाला या. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतःसाठी मागितली होती. मी ट्रंक भरली. तुम्ही म्हणालात, "जाय. सोनाबाई पाहीन मले. नाईतरी आंधळ्याले काय दिवस अन काय रात."

आणि त्याच आठवड्यात तुम्ही हौदापाशी घसरलात.

खुब्याचं हाड. या वयात जुळणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ट्रंक परत रिकामी केली. पत्र मात्र तिच्या तळाशीच राहू दिलं. मिसबाई घरी आल्या, माझा हात हातात घेतला आणि शास्त्रातल्या त्या सुनेची गोष्ट सांगितली, जी विधवा झाल्यावरही सासूला सोडून गेली नाही. ती गोष्ट मी पुढे नऊ वर्षं ऐकली. येणारा जाणारा तीच सांगायचा. एकदा मी म्हटलं, "तिला निदान पुढे शेतवाला नवरा तरी मिळाला!" त्या दिवसापासून मला ती गोष्ट सांगणं बंद झालं. तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या किती हसला होता त्यावर.

मला लोक सहनशील म्हणायचे, आत्याबाई. प्रार्थनेच्या वेळी माझं उदाहरण द्यायचे. मला त्या शब्दाची शिसारी यायची. कूस बदलायची, पाठ पुसायची, लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवायची, घाणीवर राख टाकायची, लुगडी धुवायची, आणि सकाळी अनसिंगकडून येणाऱ्या मोटारगाडीचा भोंगा वाजला की तुम्ही म्हणायचं, "गाडी आली वं शांते." मला वाटायचं मुद्दाम म्हणता. जी गाडी मला न्यायला येणार होती ती रोज येते आणि रोज जाते, हे मला रोज सांगायलाच हवं का? एकदा भांडले तुमच्याशी त्यावरून. "तुमचा देव म्हणतो सहन करा. त्याला कुणाची पाठ धुवावी लागत नाही!" तुम्ही गोधडी छातीपर्यंत ओढलीत. मग म्हणालात, "तोबी तं थांबूनच राह्यला नं पोरी. तू कवा शांत होतं ते पाहून राह्यला." मी ताट आपटून बाहेर गेले. त्या वादाचं उत्तर अजून माझ्याकडे तयार आहे, पण आता कुणाला देऊ?

पण आपलं खरं भांडण शिळ्या भाकरीवरून.

मी रोज ताजी भाकर करायची. जवारीची, पातळ, पापुद्रा सुटलेली, तुम्हीच शिकवलेली. ती समोर ठेवली की तुम्ही हाताने चाचपून विचारायच्या, "कालची नाई का उरली? ते दे." मला हे कधीच समजलं नाही. अनाथालयात घंटा वाजली की गरम भाकर ताटात पडायची, खाऊन उठायचं. शिळं म्हणून काही तिथे नव्हतंच, कारण उरतच नव्हतं. शिळं खाऊ नये, रोग होतात, हे मिसबाईंनी फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतलेलं. आणि इथे तुम्ही दुरडीतली कालची भाकर मागून घेणार, तेल-तिखट लावून चघळत बसणार, तेही दार उघडं असताना! व्हायचं तेच झालं. कंपाउंडभर बोभाटा झाला की शांता सासूला शिळं घालते. मिसबाईंनी बोलावून माझी कानउघाडणी केली. तुमच्या समोरही विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाई बाई, मीच मागतो." त्यावर मिसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, बिचारी म्हातारी सुनेला सांभाळून घेते आहे!

म्हणजे तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि मी आणखी बुडाले. त्या दिवसानंतर तुम्ही शिळी मागितली की माझ्या अंगाची आग व्हायची.

आता त्या सकाळचं. हे लिहिल्याशिवाय मला उठता येणार नाही.

तुम्हाला जाऊन आज तीन दिवस झाले. त्याच्या चार दिवस आधीची सकाळ. मला रात्रभर तुमच्या खोकल्याने झोप नव्हती. अंथरूण दोनदा बदलून झालं होतं. चूल पेटत नव्हती, सरपण ओलं. आणि तुमचं सुरू, "शांते. ए शांते." मी आले. "काई नाई. तू हायेस का पाहाले." तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. तुम्ही म्हणालात, "गाडी आली वं."

आणि मी म्हटलं, "तुमी मरत काहून नाई? मराल तवाच माही सुटका होईन!"

मी तुमच्या बोलीत बोलले. एरवी मी कंपाउंडाचं शुद्ध बोलते, तुम्हीच चिडवायच्या त्यावरून. पण हे तुम्हाला नीट कळावं, एक अक्षरही चुकू नये, म्हणून तुमच्या बोलीत.

तुमचे मिटलेले डोळे माझ्याकडे वळले होते. मी तिथेच उभी, हात काळे. मग तुम्ही विचारलंत, "शिळी हाय का वं दुरडीत? दे मले."

मला वाटलं, हा तुमचा सूड. मी मर म्हणाले तर तुम्ही शिळी मागितलीत, म्हणजे आता साऱ्या कंपाउंडाला दिसू दे सून कशी आहे ते. मी दुरडीतली भाकर आणून बाजेवर टाकली. हातात दिली नाही, टाकली. "घ्या! दाखवा सगळ्यांले!" तुम्ही गोधडीवर हात फिरवत ती शोधलीत. मोडून दोन तुकडे केलेत. एक तोंडात घातलात आणि दुसरा माझ्याकडे धरलात. म्हणजे मी जिथे आहे असं तुम्हाला वाटलं तिकडे. थोडा चुकलाच होता अंदाज. "घे. तूबी खाय."

मी घेतला नाही. तुमचा हात थोडा वेळ तसाच हवेत होता. मग मी सरपण आणायला गेले.

नंतरच्या चार दिवसांत आपण बोललो, पण तेवढंच, कूस वळवा, पाणी घ्या. मला माफी मागायची होती. खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मागायची नव्हती. तिसऱ्या दिवशी मागायची होती आणि शब्द सुचत नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी मी तुमच्या पायाला तेल लावत होते, आणि हाताखालचा पाय एकदम निर्जीव झाला. बस्स. तुम्ही हाकसुद्धा मारली नाहीत.

तर मी मनात हे सगळं घेऊन तुमच्या कबरीपाशी उभी होते. शेवटी तुम्ही माझ्याविषयी काय मनात धरून गेलात, हे एकच मला जाणून घ्यायचं होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं. अशात पाळकसाहेबांनी तो शब्द वाचला, आणि मी हसले.

संध्याकाळी सगळ्या बायका येऊन गेल्या. एक जण दारात उभी राहून म्हणाली, "आता मोकळी झाली तू." सगळ्या गेल्यावर सोनाबाई एकट्याच आल्या. आता त्यांना एकही दात नाही. माझ्यासाठी पिठलं आणलं होतं. ते ठेवून सरळ विचारलं, "हासली काहून वं?"

मी सांगितलं. लिंबाखालची परीक्षा, तुमची सहनशिळी. सोनाबाई ते ऐकून बोळक्या तोंडाने इतक्या हसल्या की मला पुन्हा हसू आलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अन मंग तिनं मिसबाईले काय समजावून सांगतलं, ते आठोते का तुले?"

"नाही. मी ऐकलंच नाही."

"तू कायची आयकतं! तू तं लाजेनं खाली पाहून राह्यली होती. मी बाजूलेच होतो नं. म्हने, बाई, चुकलं कुठं? ताजी भाकर तं पाव्हन्याले देते. पाव्हना जराकसा रुसला का उठून जाते. शिळी खाते तो घरचा. त्याले कितीबी बोला, तो काई जात नाई. म्हून प्रीती शिळीच असते." सोनाबाईंनी पिठल्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मले तं तेच वचन पाठ झालं बाप्पा. खरं कोनतं, ते अजून याद राहत नाई."

मी पिठल्याकडे पाहत बसले. सोनाबाई कधी उठून गेल्या ते कळलं नाही.

म्हणजे आत्याबाई, त्या सकाळी तुम्ही मला उत्तर दिलं होतंत. मी मर म्हणाले आणि तुम्ही शिळी मागितलीत. आणि अर्धी मला दिलीत. मी जन्मापासून सगळीकडे ताजं खाल्लेली बाई. मला कुणी घरचं म्हटलेलं नाही, त्यामुळे कुणी म्हटलं तरी ते ओळखू येणार नाही, हे माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं. वीसेक वर्षं तुम्ही तेच एक वचन माझ्याकडून पाठ करून घेत होता, आणि मी समजत होते की मास्तरीण मी आहे. मला वाटायचं मी तुम्हाला सहन करते आहे. कंपाउंडालाही तसंच वाटायचं. लाज वाटते मला आता. पण लाजेपेक्षा जास्त उणीव भासते ती तुमच्या त्या हाकेची.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला आहे. नर्सच्या शिक्षणाचं माझं वय गेलं, पण त्याच इस्पितळात वॉर्डात कामाला घेतील, आठ दिवसांत कळव म्हणून. दार उघडं आहे. आणि माझा पाय विहिरीपलीकडे जात नाही. जाईन की राहीन, मला आज माहीत नाही. पाव्हन्यासारखी रुसून मात्र जाणार नाही.

आज सकाळी तुमची बाज धुवायला काढली. उशीखाली ती तुमची फडक्याची पुरचुंडी होतीच. रोज अंथरूण बदलताना मी ती उचलून बाजूला ठेवायची आणि परत उशीखाली सारायची, कधी उघडली नव्हती. आज उघडली. यांच्या सदऱ्याचं एक बटण, सुपारीचं खांड, आणि भाकरीचा तो अर्धा तुकडा. माझा. लाकडासारखा कडक झालेला.

मी तो ताकात भिजत घातला. तरी नीट भिजला नाही. चुलीपाशी बसून, दाताने तोडून तोडून सगळा खाल्ला. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला, आणि मी आपसूक बाजेच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

हाये, आत्याबाई. घरीच हाये.